गोव्यातील पोर्तुगीज नौदल (१९४५–१९६१)

गोव्यातील पोर्तुगीज नौदल हे पोर्तुगालच्या ताब्यातील गोवा, दमण आणि दीव या प्रदेशांच्या सागरी संरक्षणासाठी तैनात असलेले नौदल होते. मुरगाव बंदर हे त्याचे मुख्य ठाणे होते. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय नौदलाशी झालेल्या लढाईत ते संपुष्टात आले.

==पार्श्वभूमी==
सोळाव्या शतकात हिंदी महासागरातील पोर्तुगीज सत्तेचा सारा डोलारा आरमारावर उभा होता व गोवा त्याची राजधानी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यातले फारच थोडे शिल्लक होते. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला, परंतु सालाझार राजवटीने गोवा सोडण्यास नकार दिला. १९५१ मध्ये तिने घटनादुरुस्ती करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नाव दिले. गोवा हा पोर्तुगालचाच भाग आहे, असे एकदा जाहीर केल्यावर तेथे पोर्तुगीज युद्धनौका दिसणे राजकीयदृष्ट्या आवश्यक झाले. प्रत्यक्ष संरक्षणाच्या दृष्टीने मात्र या नौकांचा उपयोग मर्यादितच होता.

पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य होता. तथापि त्या करारातील संरक्षणाची हमी कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील अटलांटिक क्षेत्रापुरती होती, त्यामुळे गोवा तिच्या कक्षेत येत नव्हता. १९५४ मध्ये दादरा व नगर हवेली मुक्त झाली. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि भारताने गोव्याची आर्थिक कोंडी अधिक कडक केली. जमिनीवरचे मार्ग बंद झाल्याने गोव्याचा बाहेरच्या जगाशी संबंध मुख्यतः मुरगाव बंदरामार्फत उरला.

==नौका==
मार्च १९६१ मध्ये अंगोलात सशस्त्र उठावाने उग्र रूप धारण केले आणि पोर्तुगालचे लक्ष व साधनसामग्री आफ्रिकेकडे वळली. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या पाण्यात एकच मोठी युद्धनौका होती. ती म्हणजे ''अफोन्सो दे अल्बुकर्क''. १५१० मध्ये ज्याने गोवा जिंकला, त्याचेच नाव तिला दिलेले होते. १९३४ मध्ये जलावतरण झालेल्या या नौकेवर १२० मिलिमीटर व्यासाच्या चार तोफा होत्या. १९३६ मध्ये लिस्बनमधील खलाशांच्या बंडात ती सामील झाली होती. १९४२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या ''नोव्हा स्कोशिया'' या ब्रिटिश जहाजावरील लोकांना तिने वाचवले होते. थोडक्यात, ती प्रदीर्घ आणि घटनापूर्ण सेवा झालेली, पण कालबाह्य ठरलेली नौका होती.

तिच्याखेरीज तीन छोट्या गस्ती नौका होत्या: गोव्यात ''सिरियस'', दमणला ''अंतारेस'' आणि दीवला ''वेगा''. त्यांच्यावर २० मिलिमीटरची एकेक तोफ होती.

==डिसेंबर १९६१==
नोव्हेंबर १९६१ मध्ये कारवारजवळील अंजदीव बेटावरून पोर्तुगीज सैनिकांनी ''साबरमती'' या भारतीय जहाजावर गोळीबार केला. यामुळे कारवाईचा प्रश्न तातडीचा झाला. १४ डिसेंबरला सालाझार यांनी गव्हर्नर जनरल वसालु इ सिल्वा यांना संदेश पाठवला. शरणागती पत्करू नये, पोर्तुगीज सैनिक व खलाशी एक तर विजयी व्हावेत अथवा मृत्यू पावावेत, असा त्याचा आशय होता. कुमक मात्र आली नाही.

रिअर ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण यांच्या अधिपत्याखालील भारतीय ताफ्यात विमानवाहू ''विक्रांत'' व क्रूझर ''म्हैसूर'' आणि ''दिल्ली'' या नौका होत्या. १८ डिसेंबरला दुपारी ''बेतवा'' व ''बियास'' या फ्रिगेट मुरगावच्या दिशेने आत शिरल्या. दोन्ही १९६० मध्ये नौदलात दाखल झाल्या होत्या व त्यांच्या तोफांचा मारा शत्रूच्या तोफांपेक्षा कितीतरी वेगवान होता. योगायोग असा की, परस्परांवर तोफा डागणाऱ्या या तिन्ही नौका इंग्लंडमधील टाइन नदीकाठच्या गोद्यांत बांधलेल्या होत्या.

शरण येण्याचा इशारा दिल्यावर ''अफोन्सो''ने प्रतिकार केला. बंदरातील अरुंद पाण्यात तिला हालचालीला फारसा वाव नव्हता. कप्तान आंतोनियु दा कुन्हा आरागाँव गंभीर जखमी झाले, बिनतारी यंत्रचालक ठार झाला आणि अखेरीस नौका बांबोळीच्या किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात नेऊन खलाशांनी ती सोडली.

दीवजवळ ''वेगा''वर भारतीय विमानांनी हल्ला केला. तीत तिचे कप्तान ओलिवेरा इ कार्मू मारले गेले. ''सिरियस'' तिच्याच खलाशांनी निकामी केली. ''अंतारेस'' निसटून कराचीला पोहोचली.

भारतीय नौदलाची सर्वाधिक हानी मुरगावला नव्हे, अंजदीव बेटावर झाली. तेथे ''त्रिशूल''वरून उतरलेल्या तुकडीवर गोळीबार होऊन सात नौसैनिक मरण पावले. एवढ्याशा बेटासाठी मोजलेली ही किंमत गोवा मुक्तीच्या वर्णनांत पुष्कळदा एका ओळीत आटोपली जाते.

==नंतर==
१९ डिसेंबरला वसालु इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. पोर्तुगीज युद्धकैदी १९६२ मध्ये मायदेशी परतले. तेथे शरणागतीबद्दल वसालु इ सिल्वा यांच्यासह काही अधिकाऱ्यांना सेवेतून बडतर्फ करण्यात आले. ''अफोन्सो दे अल्बुकर्क'' मुंबईला ओढून नेण्यात आली व पुढे भंगारात निघाली. दाभोळी विमानतळावर भारतीय नौदलाचा ''हंसा'' हा हवाई तळ आला. अंजदीव बेट आता कारवारच्या नौदल तळाचा भाग आहे. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये मान्य केले.