पाहुणी एका वर्षाची

पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासायला टांगलेला पांढरा समुद्रफेस पाहिलाय ना? तो फेस नव्हेच! ते आहे माकूळ या समुद्री प्राण्याच्या पाठीतलं कवच. इंडोनेशिया-फिलिपिन्सकडची अशीच एक बुटकी, जेमतेम बोटाएवढी जात अमेरिकेत काही हौशी लोक घरच्या काचेच्या टाकीत पाळतात.

पाळतात कसले, सरबराई करतात! पाणी समुद्रासारखं खारं हवं. त्यात तांब्याचा अंश गेला तर खेळ खलास. जेवायला जिवंत कोळंबी. पिल्लं वाटाण्याहूनही लहान, पण भक्ष्य हललं नाही तर ढुंकूनही बघत नाहीत. आणि दचकून बाईसाहेबांनी शाई सोडली की पाणी लगेच बदला, नाहीतर त्यांचाच जीव गुदमरतो.

मग एवढा खटाटोप कशाला? अरे, क्षणात तपकिरी, क्षणात पांढरी होणारी ही नटवी स्वतः मात्र रंगांधळी! तीन हृदयं, निळसर रक्त, इंग्रजी डब्ल्यूसारखी डोळ्यातली बाहुली. पाळणारे सांगतात, खाऊ देणारं माणूस दिसलं की ती काचेपाशी येते.

आणि साधारण वर्षभरात मरते. शेवटी शेवटी शिकारीवरचा नेम चुकायला लागतो. औषध नाही, आयुष्यच तेवढं. टाकीत उरतात काळ्या द्राक्षांसारखे अंड्यांचे घोस आणि पाण्यावर तरंगणारा एक छोटासा समुद्रफेस.