जुन्या टीव्हीतले शिसे कोणाच्या माथी?

पाठीमागे फुगीर असलेल्या जुन्या टीव्हीच्या काचेत सुमारे दोन किलो शिसे असते. टीव्ही घरात चालू असेपर्यंत ते काचेत बंदिस्त राहते. मात्र टीव्ही फोडला, वायरी जाळल्या किंवा सर्किट आम्लात बुडवले, की शिसे धूळ, धूर आणि पाण्यावाटे शरीरात शिरते. लहान मुले पोटात गेलेले शिसे मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात. त्याने मेंदूची वाढ आणि शिकण्याची क्षमता खुंटते. रक्तात अमुक इतके शिसे असले तर चालेल, अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही.

ही यंत्रे सुरक्षितपणे मोडायला पैसे लागतात. ते कोणी द्यायचे? अमेरिकेत यासाठी देशभराचा एक कायदा नाही. सुमारे निम्म्या राज्यांनी आपापले कायदे केले. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये खर्च ग्राहकावर टाकला. तिथे नवा टीव्ही किंवा संगणकाचा पडदा घेतानाच शुल्क द्यावे लागते. मेन राज्याने २००४ मध्ये उत्पादकाला जबाबदार धरले. वॉशिंग्टन राज्यात २००९ पासून नागरिक अशा वस्तू मोफत जमा करतात आणि बिल कंपन्या भरतात. मिनेसोटाने २००७ मध्ये विक्रीच्या वजनावरून कंपन्यांना उद्दिष्ट ठरवून दिले.

गोम या वजनातच आहे. नवे टीव्ही हलके झाले, तसे वजनाचे उद्दिष्टही घटले. लोकांच्या घरांतून मात्र जुने जड टीव्ही येतच राहिले. उद्दिष्ट संपले की कंपन्यांचा पैसा थांबतो आणि संकलन केंद्रांची ओढाताण होते. त्यातच शिसेयुक्त काचेला गिऱ्हाईक उरले नाही. ओहायोतील कोलंबस शहरात तर अशी कोट्यवधी किलो काच गोदामांत बेवारस पडली होती.

भारतात १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झाले. त्यांत उत्पादकांचे उद्दिष्ट ६० टक्क्यांपासून सुरू होऊन २०२७-२८ मध्ये ८० टक्क्यांवर जाते. हे मोजमापही वजनाचेच आहे. शरीराला मात्र वजन कळत नाही, मात्रा कळते. ट्यूबलाइटमधला पारा काही मिलिग्रॅमच असतो, पण बंद खोलीत तोही घातक ठरू शकतो. म्हणून किती टन गोळा झाले याबरोबरच शिसे, पारा, कॅडमियम शेवटी कुठे गेले, याचाही हिशेब कंपन्यांकडून मागायला हवा.

घरातल्या जुन्या वस्तू फोडू वा जाळू नका. फुगलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका. वस्तू नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे किंवा कंपनीच्या संकलन केंद्रात द्या. घरात किंवा शेजारी भंगार फोडण्याचे काम चालत असेल, तर मुलांच्या रक्तातील शिशाच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. सुरुवातीला शिशाची बाधा कोणतेही लक्षण दाखवत नाही.