मुलांसोबत काश्मीरची सरोवरं: एक दिवस जास्त ठेवा

सोनमर्गहून विशनसर, गडसर करत गंगाबलला जाणारा ट्रेक मुलांसोबत करणार असाल, तर विशनसरला एक मुक्काम वाढवाच. सोनमर्ग सुमारे २,७०० मीटरवर, विशनसर ३,६०० च्या वर आणि गडसर खिंड जवळपास ४,२०० मीटर! ३,००० मीटरनंतर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा वैद्यकीय सल्ला आहे.

मुलं आपल्यापेक्षा चपळ असतात, हे खरंच. पण विरळ हवेचा त्रास चपळाई बघून होत नाही. शिवाय लहान मूल ‘डोकं दुखतंय’ असं नेमकं सांगेलच असं नाही. जेवण नको म्हणणं, चिडचिड, उलटी दिसली की चढणं थांबवा; आराम पडला नाही तर खाली उतरा. सुट्टी पुरत नसेल, तर खिंड सोडून विशनसरवरूनच परत फिरा.