एका अणूच्या जाडीचा सिग्नल

लोंढा जंक्शनात मिरज-बेळगावकडून आलेल्या रुळांना दोन वाटा फुटतात: एक कॅसलरॉकवरून गोव्याकडे, दुसरी हुबळीकडे. सांधा बदलला की गाडीची दिशा बदलते. टेराहर्ट्झ लहरींना असे वळवणे, अडवणे मात्र फार अवघड. मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेड यांच्या मधल्या या लहरींची लांबी साधारण ३ मिलिमीटर ते ३० मायक्रोमीटर. कापड, कागद, प्लॅस्टिक यांतून त्या सहज पार जातात, धातूवरून परततात.

त्यांना आवरायला ग्राफीन कामी येते. कार्बनच्या अणूंचा हा एकच थर, जाडी सुमारे ०.३४ नॅनोमीटर. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव यांनी ग्रॅफाइटवरून तो चक्क चिकटपट्टीने सोलला (शोधनिबंध २००४चा, नोबेल २०१०चे). ग्राफीनला विद्युतदाब दिला की त्यातले वीज वाहणारे कण वाढतात किंवा घटतात. वाढले, की थर लहर अडवू लागतो. घटले, की वाट मोकळी. जुन्या सिग्नलचा हात खालीवर व्हावा, तसेच. अमेरिकेतल्या नोत्रदाम विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये अशा एका थराने लहरीची तीव्रता सुमारे १५ टक्क्यांनी बदलून दाखवली. एका अणूच्या जाडीला हे थोडे नव्हे.

अडचण पाण्याची. हवेतली वाफ या लहरी गिळते. लोंढ्याच्या आषाढातल्या हवेत त्या फार लांब जाणार नाहीत.