पिवळी माती लाल होते तेव्हा

आज गेरूविषयी बोलायचंय.

मागच्या दिवाळीआधी आमच्या गटाने पणत्या रंगवायला गेरू आणला. रंग झकास, दरही कमी. पण दुकानाच्या काचेत उन्हाला मांडलेल्या पणत्या पाडव्यापर्यंत फिक्या गुलाबी पडल्या. गिऱ्हाइकांनी बोल लावला तो आम्हालाच. तेव्हापासून खरा गेरू म्हणजे काय, हे शोधायची मला खोडच लागली.

उत्तर गावातल्या कुंभारमामांकडे मिळालं. त्यांनी पिवळ्या मातीचा वाळलेला खडा कुटला आणि ती पूड जुन्या लोखंडी तव्यावर टाकून खाली चांगला जाळ केला. पूड आधी तपकिरी झाली, मग विटकरी, मग लाल. रंग घातला नव्हता काही. काही गेरू जमिनीतूनच लाल निघतो, आणि काही असा पिवळ्या मातीतून भाजून करतात. इटलीतल्या सिएना गावची माती चित्रकार अशीच भाजून वापरत आले आहेत.

मग तव्यावर घडलं काय? पिवळ्या मातीत गोएथाइट नावाचं लोहाचं खनिज असतं. त्यात लोह, प्राणवायू आणि हायड्रोजन एकमेकांत बांधलेले असतात. रसायनात ते हायड्रॉक्साइडच्या घराण्यातलं. मातीतली साधी ओल शंभर अंशाला उडते, पण ही बांधलेली जोडी तेवढ्याने सुटत नाही. साधारण 250 ते 300 अंशांना ती सुटते आणि वाफ होऊन निघून जाते. शुद्ध खनिज 100 ग्रॅम भाजलं, तर सुमारे 10 ग्रॅम वजन पाणी होऊन उडतं. मागे राहतं ते लोह आणि प्राणवायू, म्हणजे लोहाचं ऑक्साइड. त्याला हेमेटाइट म्हणतात. गेरूचा लाल तो हाच, आणि विटेचा, कौलाचाही.

भाजलेला हरभरा भिजवला तरी त्याला मोड येत नाहीत. तसंच ही लाल पूड कितीही भिजवा, पुन्हा पिवळी होत नाही. म्हणून गेरू ऊन-पावसात रंग सोडत नाही. (पावसाने भिंतीवरून धुऊन जातो, ती गोष्ट वेगळी. तिथे चूक धरून ठेवणाऱ्या खळीची किंवा डिंकाची, रंगाची नव्हे.)

तांबं, निकेल, कोबाल्ट या लोखंडाच्या भावंडांचंही असंच. तांब्याचं निळं हायड्रॉक्साइड तर जरा तापवलं की काळं ऑक्साइड होतं.

आता जाळ किती घालायचा, ते पाहू. पाणी निघून गेलं की कणाच्या आत त्याची जागा रिकामी राहते. मंद भाजलेल्या गेरूचा कण असा बारीक भोकांनी भरलेला असतो, आणि ही भोकं काही नॅनोमीटरचीच असतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. जाळ 600–700 अंशांच्या पुढे गेला की भोकं बुजतात, आणि भिजून चिकटलेल्या साबुदाण्यासारखे शेजारचे कण एकमेकांत मिळून मोठे होतात. कण मोठा झाला की तांबडा रंग काळपट जांभळा दिसू लागतो. प्रयोगशाळेत नॅनोकण करतात तेव्हाही बरेचदा हेच करतात: लोहाच्या क्षारात अल्कली घालून हायड्रॉक्साइडचा गाळ काढायचा, धुवायचा, वाळवायचा आणि बेताने तापवायचा. कण हवा तेवढाच बारीक राहावा, म्हणून आच आणि वेळ मोजून.

कधी मुळीच भाजायचं नसतं. आयआयटी मद्रासच्या टी. प्रदीप यांच्या गटाने पाण्यातलं आर्सेनिक काढायला लोहाच्या हायड्रॉक्साइडचे नॅनोकण वापरले. आर्सेनिक कणाच्या पृष्ठभागाला चिकटतं. ते कण जोरात तापवले तर एकमेकांत मिळतील आणि चिकटायची जागाच कमी होईल.

भट्टीत हवा कोंडून धूर केला तर हाच लोह काळा होतो. काळी मडकी अशीच होतात.

तुम्हाला भाजायचं असेल, तर कुंभाराच्या ओळखीच्या खाणीतलीच पिवळी माती घ्या. बाजारातली पिवळी किंवा लाल पूड तव्यावर कधीही टाकू नका. पिवळा हरताळ हे आर्सेनिकचं खनिज आहे आणि त्याचा धूर जीव घेऊ शकतो. काही पिवळ्या रंगांत शिसं असतं. हिंगूळ तापवला तर पाऱ्याची वाफ निघते. खडा ओला असेल तर तडकून डोळ्यात उडतो, म्हणून आधी वाळवा. कुटताना आणि चाळताना नाकातोंडाला मास्क लावा, कारण मातीची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात साचते. आणि तो तवा पुन्हा भाकरीला नको.

विकतच्या गेरूची परीक्षा आम्ही आता उन्हातच करतो. कौलाच्या तुकड्यावर पट्टा ओढायचा, अर्धा भाग पत्र्याने झाकायचा आणि महिनाभर ठेवायचा. झाकलेला आणि उघडा भाग सारखाच दिसला, तरच माल घ्यायचा. या खेपेला तीन नमुने छपरावर ठेवलेत, त्यातला एक आताच फिका पडलाय.