नळाचे पाणी आणि तुरीचे सूक्ष्म मित्र

बिदर जिल्ह्यातील भालकी, बसवकल्याण, औराद आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सीमेवरच्या तालुक्यांत मृगाचा पाऊस पडला की तुरीच्या पेरणीची धांदल उडते. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यावरून या पिकाचे तेथील महत्त्व ध्यानी यावे. पेरणीपूर्वी बियाण्यास रायझोबियम या जिवाणूचे संवर्धन चोळण्याची चाल आता पुष्कळ घरांत पडली आहे. मात्र ते कालवण्यास पाणी कोणते घ्यावे, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही.

पूर्वी तो विचारण्याचे कारणही नव्हते. पाणी विहिरीचे वा ओढ्याचे असे. बिदरजवळ नौबाद येथे बहामनी राजवटीत, पंधराव्या शतकात, खोदलेल्या भुयारी कालव्यातून जे पाणी वाहत होते त्यात कोणी औषध मिसळीत नव्हते. २०१९ साली जलजीवन योजना सुरू झाल्यावर खेडोपाडी घरगुती नळ वाढले, आणि टाकीत ब्लीचिंग पावडर घातलेले पाणी अंगणात येऊ लागले.

ही पावडर पाण्यात पडताच तिच्यापासून हायपोक्लोरस आम्ल बनते. सूक्ष्म जंतूंच्या आवरणातून ते सहज आत शिरते आणि त्यांच्या जीवनक्रियाच बंद पाडते. अमेरिकेतील जर्सी सिटीत १९०८ साली नळाच्या पाण्यात क्लोरीन नित्य मिसळण्यास प्रारंभ झाला. पुढे ही पद्धत जगभर पसरली व विषमज्वर आणि पटकी यांचा जोर ओसरण्यास तिची मोठी मदत झाली. घरापर्यंत पोचलेल्या पाण्यातही थोडे क्लोरीन शिल्लक असावे, लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम, असे भारतीय मानक सांगते. तेव्हा नळाच्या पाण्याला येणारा तो उग्र वास दोषाचा नव्हे, पहाऱ्याचा होय. अडचण इतकीच, की हा पहारेकरी पटकीचा जंतू आणि तुरीचा मित्र यांत भेद करीत नाही.

रायझोबियम तुरीच्या मुळांवर गाठी करून राहतो आणि हवेतील नत्र पिकाला मिळवून देतो. जिवाणूंची पूड असेल तर क्लोरीनचा थोडाबहुत भार तिच्यातील कोळशासारखा वाहक द्रव्य सोसतो. द्रवरूप संवर्धनाला तेवढाही आडोसा नसतो. फवारणीच्या पंपात थेट नळाचे पाणी भरून त्यात बाटली ओतणे, ही नुकसानीची सर्वांत सोपी रीत. (त्याच पंपातून आदल्या दिवशी बुरशीनाशक फवारले असेल आणि तो नीट धुतला नसेल, तर क्लोरीनला दोष देण्यात अर्थ नाही!) याउलट जीवामृताच्या पिंपात दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण पडते. एवढ्या सेंद्रिय द्रव्यापुढे नळातले क्लोरीन तत्काळ खर्ची पडते. तेथे पाण्याची फार चिंता वाहणे म्हणजे वेळ दवडणे होय.

क्लोरीन घालवण्याचे उपाय घरचेच आहेत. रुंद तोंडाच्या घंगाळात पाणी उघडे ठेवले तर ते बहुतांशी दिवसभरात उडून जाते. उन्हात ठेवल्यास काही तासांतच, कारण सूर्यप्रकाश त्याचे विघटन करतो. अरुंद तोंडाच्या घागरीत अथवा झाकलेल्या टाकीत ते कितीतरी अधिक काळ टिकते, म्हणून ‘पाणी कालचेच आहे’ एवढ्यावर विसंबू नये. घाई असल्यास पंधरा-वीस मिनिटे उकळावे. जुन्या सूचनांत गुळाचे पाणी करण्यास सांगितलेले असते: एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ घालून ते तापवावे व निववावे, मग त्यात पूड कालवून ती बियाण्यास चोळावी. गूळ केवळ चिकटपणासाठी, अशी समजूत आहे; पण त्या उकळीत क्लोरीनही निघून जाते. निववणे मात्र विसरता कामा नये. कोमट पाणीही पूर्ण थंड होऊ द्यावे, नाहीतर क्लोरीनपासून वाचलेले जिवाणू उष्णतेने मरतील.

पाणी मोठ्या प्रमाणात लागत असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकारांचा ‘हायपो’, उपयोगी पडते. मासे पाळणारे ते नेहमी वापरतात. दोनशे लिटरच्या पिंपास एक-दीड ग्रॅम पुरे. क्लोरीन गेले की नाही हे पाहण्यासाठी ऑर्थोटोलिडीनचे थेंब वेगळ्या नळीत काढलेल्या पाण्यात टाकतात. पिवळा रंग आला तर क्लोरीन अद्याप आहे. हे द्रव्य विषारी असल्याने तपासलेले पाणी संवर्धनात मिसळू नये.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. उघड्यावर मुरवलेले पाणी बियाण्याचे. पिण्याच्या हंड्यात ते जाऊ नये. जिवाणूंसाठी टाकीतली पावडरच बंद करावी अशी सूचना कोणी केली, तर ती पावसाळ्याच्या तोंडावर सबंध गावाच्या जिवावर बेतेल.

बियाण्यास बुरशीनाशक लावावयाचे असेल तर ते आधी लावावे, जिवाणू शेवटी. मग बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. सगळी खटपट फळाला आली की नाही, हे पाहण्यासाठी एक-दोन ओळी संवर्धन न लावता पेरून ठेवाव्यात, कारण जमिनीत मूळचे जिवाणूही असतात. महिना-सव्वा महिन्याने दोन्हीकडची रोपे खुरप्याने मातीसकट अलगद उचलून, पाण्यात धुऊन, मुळांवरील गाठी मोजाव्यात व नखाने फोडाव्यात. आतून गुलाबी दिसली तर गाठ नत्र मिळवीत आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती नुसतीच गाठ.