स्त्रियांचा संकोच आणि गर्भाशयमुखाची तपासणी



आजचा विषय एका पुरुषानें, आणि तोही सेवानिवृत्त शाळामास्तरानें मांडावा, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. मी वैद्य नाहीं. परंतु दहा वर्षांपूर्वीं माझ्या थोरल्या वहिनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें गेल्या. पाळी जाऊन बरींच वर्षें झालीं असतां त्यांना पुन्हा रक्तस्राव होऊं लागला होता. तो त्यांनीं आठ महिने लपविला. "भावजी, ह्या गोष्टी का पुरुषांजवळ बोलायच्या असतात?" असें त्या शेवटच्या आजारांत मला म्हणाल्या. त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. तें आज देण्याचा हा प्रयत्न आहे.

हा रोग एका दिवसांत होत नाहीं. त्याच्या मुळाशीं ह्यूमन पॅपिलोमा नांवाचा विषाणु असतो. हा संबंध दाखवून दिल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. बहुतेक स्त्रियांच्या शरीरांतून हा विषाणु एकदोन वर्षांत आपोआप नाहींसा होतो. थोड्यांच्या ठिकाणीं तो ठाण मांडून बसतो, पेशींत विकार घडवितो, आणि त्या विकाराचा कर्करोग होण्यास सामान्यतः १५ ते २० वर्षें लागतात. म्हणजे सावध होण्यास अवधि पुष्कळ असतो. तरीही भारतांत दरवर्षीं सुमारें १,२५,००० स्त्रियांस हा रोग होतो व ७५,००० हून अधिक स्त्रिया त्यानें दगावतात.

वेळेवर तपासणी केल्यास काय साधतें, हें आपल्याच मुलखांत सिद्ध झालें आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले. ज्या गांवांतील स्त्रियांस विषाणूची तपासणी केवळ एकदांच देऊं केली होती, तेथें ह्या कर्करोगानें होणारे मृत्यु, तशी सोय न केलेल्या गांवांच्या मानानें, सुमारें निम्मे झाले. असें असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकीं गर्भाशयमुखाची तपासणी कधीं काळीं करून घेतलेल्या दोघीही आढळल्या नाहींत.

ह्याचें कारण केवळ अज्ञान नव्हे. परक्या माणसापुढें टेबलावर निजणें व धातूचें उपकरण आंत घालूं देणें हें शिकल्यासवरल्या स्त्रीसही अवघड वाटतें. त्या संकोचास हंसण्यांत अर्थ नाहीं. त्यावर उपाय हवा. तो आतां निघाला आहे. नमुना स्त्रीनें स्वतःच घ्यावयाचा. एकांतांत, मऊ कुंचला किंवा कापूस लावलेली काडी योनिमार्गांत सरकवून, सांगितल्याप्रमाणें फिरवून, नळींत ठेवावयाची व प्रयोगशाळेकडे द्यावयाची. ऑस्ट्रेलियांत जुलै २०२२ पासून अशा तपासणीस पात्र असलेल्या प्रत्येक स्त्रीस ही मुभा आहे. माझी कन्या मेलबर्न येथें असते. तिनें हें आपल्या आईस फोनवर सांगितलें, तेव्हां आमच्या घरांतून पहिला प्रश्न आला, "अगं, पण माझ्या हातून चुकलें तर?"

जगांत जेथें जेथें स्त्रियांस ह्याविषयीं विचारलें, तेथें बहुतेकींना ही रीत सोयीची वाटली. पण शंका मात्र हीच निघाली. तिचें उत्तर असें. जुन्या पॅप तपासणींत सूक्ष्मदर्शकाखालीं पेशींचें रूप पाहतात. त्यामुळें त्या गर्भाशयमुखावरूनच नेमक्या उचलाव्या लागतात. नव्या तपासणींत विषाणूचें जनुकद्रव्य शोधतात, आणि तें योनिमार्गांतील स्रावांतही सांपडतें. एक म्हणजे मुलाचें अक्षर तपासणें. दुसरें म्हणजे तो वर्गांत हजर आहे कीं नाहीं एवढेंच पाहणें. म्हणूनच पी. सी. आर. पद्धतीनें तपासलेला, स्त्रीनें स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरांनीं घेतलेल्या नमुन्याइतकाच विश्वसनीय ठरला आहे. तो अपुरा निघाला तर पुन्हा घेतां येतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं वयाच्या ३० व्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनीं विषाणूची तपासणी सुचविली, व त्यासाठीं स्वतः घेतलेला नमुनाही चालेल असें सांगितलें.

दुसरी भीति निकालाची. विषाणु आढळला म्हणजे कर्करोग झाला असें मुळींच नाहीं. मात्र त्यानंतर डॉक्टरांकडून पुढील तपासणी करून घेतलीच पाहिजे. तो कागद कपाटांत ठेवून दिला तर सारा खटाटोप व्यर्थ.

तिसरी भीति कोणी बोलून दाखवीत नाहीं. हा विषाणु शरीरसंबंधांतून पसरतो. तेव्हां घरांत संशय उत्पन्न होईल, ही ती भीति. गृहस्थहो, हें आपणांस सांगतों. हा विषाणु इतका सर्वसाधारण आहे कीं बहुतेक स्त्रीपुरुषांस तो आयुष्यांत केव्हां ना केव्हां गांठतोच, आणि तो कित्येक वर्षें न कळतां राहूं शकतो. पन्नाशींत तो आढळला म्हणून कोणाच्याही वर्तनाविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं. तपासणीचा खर्च द्या, घरांत थोडा एकांत द्या, आणि निकाल कांहींही आला तरी डॉक्टरांकडे सोबत जा.

एक गोष्ट ध्यानांत असावी. ही तपासणी कांहींही त्रास नसलेल्या स्त्रीसाठीं आहे. पाळी गेल्यावर, दोन पाळ्यांच्या मध्यें किंवा संबंधानंतर रक्त दिसलें, अथवा दुर्गंधियुक्त स्राव होऊं लागला, तर घरीं नमुना घेत बसूं नये. तडक डॉक्टर गांठावा. लस घेतलेल्या स्त्रियांनींही तपासणी टाळूं नये.

वहिनी आज असत्या तर मी म्हणालों असतों, "माझ्याजवळ बोलायचें नसेल तर बोलूं नका. तपासणी आतां तुमच्याच हातांत आहे, ती वेळेवर करा. आणि रक्त दिसलें तर मात्र डॉक्टरीणबाईंपासून एक दिवसही लपवूं नका." त्यांस सांगावयाचें राहिलें, तें आपल्या घरांतील वहिनींस, बहिणींस व लेकींस आज रात्रीं जेवणानंतर सांगा, एवढीच विनंति.